'वृष' की 'विष'? : अडुळशाची नावे आणि वैद्यकीय बाडांचे वाचन

जुन्या घराण्यांची दप्तरे उघडली म्हणजे सनदा, महजर, पत्रे व जमाखर्चाचे कागद यांच्याबरोबर बहुधा वैद्यकाचे एखादे बाड निघतेच. संशोधकांचे लक्ष स्वाभाविकपणे सनदांकडे व पत्रांकडे प्रथम जाते, आणि वैद्यकाचे बाड 'काढ्यांची व चाटणांची यादी' म्हणून बाजूस पडते. ज्यांनी ती बाडे वाचून नकलून ठेवली त्यांनीही पुष्कळदा त्यांतील वनस्पतींची नावे जशी लागली तशी लावली आहेत. वस्तुतः अशा बाडाचे वाचन इतर कागदांच्या वाचनापेक्षा अधिक सावधगिरीने व्हावयास पाहिजे. कारण बाडातील योग आजही कोणी करून पाहण्याचा संभव असतो, आणि तेथे एक मात्रा चुकली तर तिचे फळ वाचकास न मिळता रोग्यास मिळते. या गोष्टीचा मासला म्हणून सर्वांच्या परिचयाची एक वनस्पती, अडुळसा, प्रस्तुत लेखासाठी घेतली आहे.

अडुळसा घेण्याचे कारण असे की, खोकला, दमा व मुखावाटे रक्त पडणे यांवरील जुन्या योगांत त्याचे नाव वारंवार येते, आणि ते एका नावाने न येता दहा नावांनी येते. त्या नावांतील एक नाव तर दुसऱ्या एका जहाल द्रव्याच्या नावापासून केवळ एका स्वरचिन्हाने वेगळे आहे. प्रस्तुत लेखक स्वतः या ठिकाणी एकदा फसलेला आहे. तेव्हा ती हकीकतच आधी सांगतो.

(१) एक चुकलेली नक्कल

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरातील वैद्यकाच्या बाडाची मी स्वच्छ नक्कल करीत होतो. बाड देवनागरीत, संस्कृत श्लोक व मध्ये मध्ये मराठी टिपा असे आहे. त्यावर लेखकाचे नाव अथवा मिती नाही. कासश्वासाच्या प्रकरणात तीन द्रव्यांचा एक काढा होता. त्यांपैकी द्राक्षा व हिरडा ही दोन नावे स्पष्ट होती. तिसरे नाव दोन अक्षरांचे असून त्यातील पहिल्या अक्षराच्या पायथ्याशी कागद कसरीने खाल्ला होता. 'व' आणि 'ष' एवढेच दिसत होते. वरच्या अंगास शाईचा एक पुसट ठिपका होता. त्यास वेलांटीचा अवशेष मानून मी 'विष' असा पाठ लावला व नकलेत तसा लिहिला. संस्कृत शिकविणाऱ्या मनुष्यास विष म्हणजे वैद्यकात बचनाग हे ठाऊक असते. आणि खोकल्यावरील 'आनंदभैरवा'सारख्या रसयोगांत बचनाग असतो हेही ठाऊक असते. त्यामुळे मला माझ्या पाठाविषयी संशय आला नाही.

पुढे कोणा आप्ताच्या जुनाट खोकल्यासाठी तो काढा करून पाहावा असे ठरले आणि मी यादी घेऊन काष्ठौषधीच्या दुकानी गेलो. दुकानदार वयोवृद्ध होते. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला व म्हणाले, "मास्तर, तिन्ही जिनसा समभाग, पळ पळ लिहिल्या आहेत. बचनाग कोणी पळभर काढ्यात घालतो काय? तो गुंजेने मोजावयाचा, आणि तोही शोधून. तुमच्या पुस्तकात काही तरी चुकले आहे." मी घरी येऊन बाड उजेडासमोर धरले, तेव्हा कसरीच्या भोकाच्या कडेस ऋकाराच्या चिन्हाचे टोक शिल्लक असल्याचे दिसले. पाठ 'वृष' असा होता, आणि वृष म्हणजे अडुळसा. अडुळसा, द्राक्षा व हिरडा यांचा साखर व मध घालून करावयाचा हा काढा मध्ययुगीन योगसंग्रहांत प्रसिद्धच आहे, आणि तो श्वास, कास व रक्तपित्त यांवर सांगितलेला आहे. मी तो संग्रह उघडून पाहण्याचे श्रम घेतले असते तर दुकानदाराकडून धडा घेण्याची वेळ आली नसती.

(२) वनस्पतीची ओळख

ज्या वाचकांनी अडुळसा केवळ औषधाच्या बाटलीवर पाहिला असेल त्यांच्यासाठी त्याचे थोडे वर्णन देणे अवश्य आहे. हे पुरुष-दीड पुरुष उंचीचे, सदा हिरवे राहणारे झुडूप आहे. पाने समोरासमोर, लांबट, दोन्ही टोकांस निमुळती आणि सुमारे वीतभर लांब असतात. चुरगळल्यास एक उग्र वास येतो व चव अत्यंत कडू लागते. गुरे व शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून ते कुंपणास लावण्याचा प्रघात आहे. फुले पांढरी, तुऱ्यात येणारी व दोन ओठांची असून खालच्या ओठावर जांभळट रेषा असतात.

संस्कृतातील कित्येक नावे या रूपावरूनच पडलेली आहेत. फुलाचे उघडलेले दोन ओठ पाहून 'सिंहास्य' म्हणजे सिंहमुख हे नाव सुचले. 'वाजिदन्त' अथवा 'वाजिदन्तक' हे नाव घोड्याच्या दातांच्या साम्यावरून आले. 'वैद्यमाता' व 'भिषङ्माता' ही नावे रूपावरून नसून उपयोगावरून आहेत. वैद्याचा सांभाळ करणारी ती वैद्याची माता. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील वनौषधिवर्गात वैद्यमाता, सिंही, वाशिका, वृष, अटरूष, सिंहास्य, वासक व वाजिदन्तक अशी ८ नावे एकत्र दिलेली आहेत. निघंटूंतून वासा, वाशा, आटरूषक इत्यादी रूपे आणखी येतात. श व स यांचा भेद येथे अर्थाचा नसून केवळ लेखनपरंपरेचा आहे. वाशा व वासा या दोन वनस्पती नव्हेत.

मराठी 'अडुळसा' हा शब्द 'अटरूष' या नावाचाच वंशज होय. टकाराचा डकार व रकाराचा ळकार होणे हे मराठीच्या प्रकृतीस धरून आहे. हिंदीतील 'अडूसा' व गुजरातीतील 'अरडूसी' ही त्याचीच भावंडे. दक्षिणेकडील भाषांतील नावेही याच्या जवळची आहेत. युरोपीय शास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ साली आपल्या ग्रंथात या झुडपाची नोंद करताना 'आधातोडा' हा जो शब्द घेतला तो तिकडचाच. 'जस्टिसिया आधातोडा' हे नाव आजही शास्त्रात मान्य आहे. मध्यंतरी प्रचारात आलेले 'आधातोडा वासिका' हे नाव पुष्कळ मराठी वनौषधिग्रंथांत आढळेल, ते याच वनस्पतीचे समजावे.

(३) ग्रंथांतील स्थान

अडुळशाचा जुना व मुख्य उपयोग रक्तपित्तावर सांगितलेला आहे. रक्तपित्त म्हणजे नाक, तोंड इत्यादी मार्गांनी रक्त पडणे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रक्तपित्ताच्या अध्यायात वासाघृत आहे. त्यात फांद्या, पाने व मुळे यांसह सर्व झुडूप काढ्यास घेऊन फुलांचा कल्क घालावयाचा आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या शेवटी निरनिराळ्या रोगांवरील एकेक श्रेष्ठ औषध सांगितले आहे; तेथे रक्तपित्तासाठी त्याने 'वृष' हेच नाव योजले आहे. लेखनिकांचा जेथे प्रमाद व्हावा असे हे एक प्रसिद्ध स्थळ, म्हणून ते मुद्दाम निर्दिष्ट करतो.

शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात अडुळशाचा पुटपाक सांगितलेला आहे. हिरवी पाने वाटून गोळा करावयाचा, तो शिवण, वड अथवा जांभूळ यांच्या पानांत गुंडाळावयाचा, वरून दोन अंगुळे किंवा अंगठ्याएवढा जाड मातीचा लेप द्यावयाचा, आणि लेप निखाऱ्यासारखा लाल होईपर्यंत अग्नीत ठेवून मग रस पिळून घ्यावयाचा. असा रस १ पळ घेऊन त्यात १ कर्ष मध मिसळावा असे प्रमाण आहे. अडुळशाची पाने कोरडसर असल्याने नुसती कुटून त्यांचा रस फारसा निघत नाही, हे ज्याने कधी करून पाहिले आहे त्यास या कृतीचे मर्म चटकन कळेल. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात क्षयाच्या प्रकरणी वासावलेह आहे. त्यात पानांचा रस, साखर, पिंपळी, तूप व मध एवढीच द्रव्ये आहेत, आणि आजही वैद्यांच्या दुकानांत तो मिळतो.

वासा विद्यमान असून जीविताची आशा असताना रक्तपित्ती, क्षयी व कासी मनुष्याने खेद का करावा, अशा अर्थाचा एक श्लोक वैद्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो अडुळशाची प्रतिष्ठा दाखवितो. परंतु त्यावरून क्षयासारख्या रोगावर आज कोणी अडुळशावरच विसंबून राहील तर ते गैर होईल. क्षयाच्या जंतूंचा नाश करणारी औषधे विसाव्या शतकाच्या मध्यापासून उपलब्ध झालेली आहेत.

(४) एका नावाचे अनेक धनी

आता मुख्य विषयाकडे येतो. अडुळशाची नावे पुष्कळ आहेत ही अडचण लहान. त्याच नावांवर इतर वनस्पतींचाही हक्क आहे ही अडचण मोठी. अमरकोशाचा तोच वनौषधिवर्ग पाहिला असता 'वृष' हे नाव ऋषभक या वनस्पतीसही दिलेले आढळते, आणि 'वृषा' असे आकारान्त रूप मूषकपर्णीच्या, म्हणजे उंदीरकानीच्या, नावांत आढळते. ऋषभक हा अष्टवर्गापैकी एक; तो राजांनाही दुर्मिळ आहे असे भावप्रकाशकारच सांगतो. तेव्हा गावच्या वैद्याच्या बाडात नुसते 'वृष' आले असता तेथे ऋषभकाची कल्पना करण्याचे कारण सहसा नाही.

'सिंही' या नावाचा प्रकार अधिक नाजूक आहे. अमरकोशात ते अडुळशाचे नाव आहे. भावप्रकाशात ते बृहतीच्या, म्हणजे डोरलीच्या, नावांतही आहे. आणि डोरलीचाही उपयोग खोकल्यावरच होतो. रोगावरून येथे निर्णय होत नाही. मात्र 'सिंही' व 'व्याघ्री' अशी जोडी एकत्र आली असेल तर डोरली व रिंगणी ही जोडी अभिप्रेत असण्याचा संभव बलवत्तर होय, कारण या दोन्ही काटेरी रिंगण्या वैद्यकात बहुधा बरोबरच येतात.

तिसरी गोष्ट 'विषा' या शब्दाची. विषा म्हणजे विष नव्हे. ते अतिविषाचे, म्हणजे अतिविषाच्या कळीचे, नाव आहे, आणि ती कळी लहान मुलांच्या खोकल्यातापावर घरोघरी उगाळून देण्याची चाल आहे. अशा रीतीने वृष, वृषा, विष व विषा हे चार शब्द एका ओळीत मांडले तर त्यांत अडुळसा, उंदीरकानी, बचनाग व अतिविषाची कळी अशी चार निरनिराळी द्रव्ये येतात. एक वेलांटी आणि एक काना एवढाच त्यांच्यात भेद.

देशभाषेतील नावांतही असाच धोका आहे. गुजरातीत 'अरडूसी' म्हणजे अडुळसा, परंतु 'अरडूसो' हे नाव आपल्याकडील महारुखासही देतात, आणि तो तर उंच वृक्ष आहे. गुजरातेतून आलेले एखादे बाड पाहताना शेवटचा स्वर अवश्य तपासावा. आपल्याकडेही 'काळा अडुळसा' या नावाने जी झाडे ओळखली जातात ती निराळी आहेत; बाडात 'काळा' हे विशेषण असेल तर ते गाळू नये.

(५) लेखनिकांचे प्रमाद

वृष व विष यांची गल्लत केवळ कसरीमुळे होते असे नाही. ऋकाराचा उच्चार महाराष्ट्रात 'रु' असा व उत्तरेकडे 'रि' असा होतो. ऐकून लिहिणारा मराठी लेखनिक 'व्रुष' असे लिहितो, आणि उत्तरेकडील लेखनिक 'व्रिष' असे लिहितो. त्या 'व्रिष'मधील तिरकी रेघ पुढच्या नकलेत गळली की 'विष' तयार झाले. म्हणजे चूक करण्यास कोणी अडाणीच असावा लागतो असे नाही. प्रत्येक नक्कलकाराने आपल्यापुरते प्रामाणिकपणे लिहूनही दोन पिढ्यांत अडुळशाचा बचनाग होऊ शकतो.

उत्तरेकडील पोथ्यांत 'ख' या अक्षरासाठी 'ष' लिहिण्याची पद्धत होती, हेही येथे ध्यानात ठेवावे. ती पद्धत ठाऊक असलेला परंतु वैद्यक न जाणणारा नक्कलकार 'वृष' हा शब्द 'वृख' असा समजून त्याचा 'वृक्ष' करून टाकण्याचा संभव असतो. मग पुढील वाचक 'कोणता वृक्ष?' याचा शोध करीत बसतो. मोडीत लिहिलेल्या टिपणांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. तेथे लिपीवरून काही ठरवू पाहणे व्यर्थ, अर्थावरूनच जावे लागते.

(६) निर्णयाची साधने

तेव्हा संशयाच्या स्थळी पाठ कसा ठरवावा? माझ्या चुकीनंतर मी जी पद्धत स्वीकारली ती येथे क्रमाने देतो.

पहिले साधन छंद. येथे एक निराशा आधीच सांगणे बरे. 'वृष' व 'विष' या दोन्ही शब्दांत दोन्ही अक्षरे लघूच आहेत, म्हणून या दोहोंतून निवड करण्यास छंद उपयोगी पडत नाही. परंतु 'व्रुष' अथवा 'व्रिष' असे लिहिले असेल तर छंद साक्ष देतो. ऋकार हा स्वर असल्याने 'वृ' हे जोडाक्षर नव्हे व त्यामागील अक्षर लघूच राहते; 'व्रु' अथवा 'व्रि' हे जोडाक्षर असल्याने मागील अक्षर गुरू होते. अनुष्टुभाच्या चरणात पाचवे अक्षर लघू असावयास पाहिजे. तेथे या लेखनामुळे गुरू होत असेल तर मूळ शब्द 'वृष' होता असे निःशंक समजावे.

दुसरे साधन लिंग. वृष हा पुल्लिंगी, वासा हा स्त्रीलिंगी व विष हा नपुंसकलिंगी शब्द आहे. शब्द सुटा असून विभक्तीचा प्रत्यय शाबूत असेल तर 'वृषः' व 'विषम्' यांत घोटाळा राहत नाही. समासात मात्र प्रत्यय लोपतो, आणि योगांतील द्रव्ये बहुधा समासातच येतात.

तिसरे साधन संगत. द्राक्षा, हिरडा, गुळवेल, रिंगणी, मध व साखर यांच्या संगतीत असेल तो वृष; हिंगूळ, टाकणखार, मिरी व पिंपळी यांच्या संगतीत खलात घोटावयाचे असेल ते विष. हे साधन पुष्कळ चालते, पण एकट्याने पुरत नाही, कारण पिंपळी दोन्हीकडे आहे.

चौथे साधन मान, आणि माझ्या मते हेच सर्वांत बलवान. काष्ठौषधी पळांनी, कुडवांनी व प्रस्थांनी मोजतात. विष गुंजांनी मोजतात. आज वैद्यकाच्या औषधनिर्मितीत धरले जाणारे प्रमाण घेतले तर १ कर्ष म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, १ पळ म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम, १ प्रस्थ म्हणजे १६ पळे अर्थात ७६८ ग्रॅम, आणि १ गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. पळ व गुंज यांत जवळजवळ ३८० पटींचे अंतर आहे. ज्या स्थळी पळाचे मान आहे त्या स्थळी विष असू शकत नाही. त्या दुकानदारांनी पोथी न पाहता माझा पाठ खोडून काढला तो याच आधारावर.

पाचवे साधन कृती. 'स्वरस', 'पत्र', 'पुष्प', 'पुटपाक' असे शब्द जवळ असतील तर अडुळसा. 'शुद्ध', 'शोधित' अथवा गोमूत्रात ठेवण्याचा उल्लेख असेल तर बचनाग. बचनागाचा कंद वापरतात, पानांचा रस नव्हे, आणि तो शोधल्यावाचून पोटात देत नाहीत.

सहावे साधन समासातील टीप. संस्कृत श्लोकाच्या बाजूस जुन्या मालकाने बारीक अक्षरात 'आडुळसा' असा एखादा मराठी शब्द लिहून ठेवलेला असतो. नक्कल करताना पुष्कळ लोक या टिपा 'मूळ ग्रंथाचा भाग नव्हे' म्हणून सोडून देतात. माझे म्हणणे उलट आहे. मूळ श्लोक छापील ग्रंथात मिळेल. ती टीप अन्यत्र मिळणार नाही. त्या गावी, त्या वैद्याने कोणत्या झाडास ते नाव लावले होते याचा तो एकमेव पुरावा असतो. राजनिघंटूच्या कर्त्याने आपल्या कोशात कर्नाटक व महाराष्ट्र भाषांतील नावांच्या साह्याने अर्थ स्पष्ट केला तो हेच महत्त्व ओळखून. १८९६ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने हा निघंटू धन्वंतरीय निघंटूसह छापला. तो ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी वैद्यकाचे बाड वाचताना तो हाताशी ठेवावा. त्याच्या जोडीस विष्णु वासुदेव गोडबोले यांचा निघंटुरत्नाकर, शंकर दाजी शास्त्री पदे यांचा वनौषधिगुणादर्श आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा औषधिसंग्रह हे ग्रंथ असले म्हणजे मराठी नावांपुरती सामग्री चांगली होते.

(७) जुन्या पाठास नव्या शास्त्राची साक्ष

कित्येक वाचक म्हणतील की, नामनिर्णयात रसायनशास्त्राचा काय संबंध? तो आहे, हे एका उदाहरणाने दाखवितो. अडुळशाच्या पानांतून डेव्हिड हूपर याने १८८८ साली एक क्षाररूप द्रव्य वेगळे केले. वासा या नावावरूनच त्यास 'वासिसीन' म्हणतात. पुढे त्याच्या अभ्यासातून कफ पातळ करणारे 'ब्रोमहेक्सीन' हे कृत्रिम औषध १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आले. खोकल्याच्या ज्या बाटल्या आज डॉक्टर लिहून देतात त्यांतील पुष्कळांचे मूळ अशा रीतीने वैद्यमातेपर्यंत पोहोचते. श्वासनलिका सैल करण्याचा गुणही वासिसीनमध्ये आढळला आहे.

त्याच वासिसीनचा दुसरा गुण असा आढळला की, ते गर्भाशयाचे आकुंचन घडविते. आता अकराव्या शतकातील चक्रदत्त पाहावा. तेथे सुखप्रसवासाठी नाभीच्या खाली लेप करण्यास ज्या चार वनस्पतींची मुळे पृथक् पृथक् सांगितली आहेत त्यांत पाठा, लांगली म्हणजे कळलावी, व मयूरक म्हणजे आघाडा यांच्याबरोबर 'सिंहास्य' आहे. सिंहास्य म्हणजे अडुळसा या ओळखीस नव्या प्रयोगाने बळकटीच येते. त्याचबरोबर एक व्यवहाराची गोष्टही ठरते: गर्भवती स्त्रीस अडुळशाचा काढा वा रस वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये. बाडात खोकल्याच्या योगाखाली अशी मनाई लिहिलेली नसते. लिहिणाऱ्या वैद्यास ती तोंडपाठ होती, म्हणून त्याने लिहिली नाही. आपण ती जाणत नाही, म्हणून छापताना आपण ती लिहिली पाहिजे.

(८) संग्राहकांस विनंती

शेवटी ज्यांच्याजवळ अशी बाडे आहेत त्यांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. नक्कल करताना जे दिसते तेच लिहावे. खाल्लेले अक्षर असेल तेथे रिकामी जागा सोडावी आणि आपली कल्पना निराळ्या शाईने कंसात द्यावी. मी ती कंसात दिली असती तर दुसऱ्या वाचकास तिच्यावर संशय घेता आला असता. मी ती ओळीत मिसळून टाकली, आणि माझ्या सुवाच्य अक्षराने चुकीस प्रामाण्य आले. द्रव्याच्या नावाबरोबर त्याचे मान, भाग व कृती ही कधीही गाळू नयेत, कारण पाठाचा निर्णय पुष्कळदा त्यांवरच होतो. बाड कोणत्या गावी मिळाले हे लिहून ठेवावे, म्हणजे देशभाषेतील नावाचा उलगडा होतो. आणि जी एखादी काष्ठौषधी जाणणारी वृद्ध व्यक्ती गावात असेल तिला ती नावे एकदा वाचून दाखवावी. अशी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि त्यांच्याजवळचे ज्ञान कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही.

माझी ती जुनी नक्कल मी फाडून टाकलेली नाही. त्या स्थळी 'विष' हा शब्द तसाच ठेवून त्यावर तांबड्या शाईने रेघ ओढली आहे, आणि समासात 'वृष, म्हणजे अडुळसा. मूळ अक्षराचा पाय कसरीने खाल्ला आहे. मान १ पळ पाहावे' अशी टीप लिहिली आहे. पुढे ती नक्कल ज्याच्या हाती जाईल त्यास चूक व तिची दुरुस्ती ही दोन्ही दिसावीत एवढाच त्यात हेतू.